सिद्धरामाची म्हैस

आमच्या ह्यांना एक रोग आहे. डॉक्टरला दाखवता येत नाही आणि देवालाही सांगता येत नाही, असला रोग. दुसऱ्याच्या दारातली वस्तू ह्यांना आपल्या दारातल्यापेक्षा मोठी दिसते, आणि तीच वस्तू आपल्या दारात आली की आखडून एवढीशी होते. ह्यांचं नाव प्रभुलिंग. एकदाच घेतलं, पुन्हा घेणार नाही. उगाच नावानं हाक मारली म्हणून त्यांना चढायला नको.

आम्ही लिंगायत गवळी. शहाण्णव-सत्त्याण्णव सालात मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात दर दोन घरांआड एक गोठा होता. संध्याकाळी म्हशी चौकातल्या कट्ट्यावर नेऊन उभ्या करायच्या, गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या देखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा, अशी आमची रीत. तालमीतून अंगाला माती घेऊन आलेली पोरं, पेन्शनर मास्तर, बाजारातून परतणारी माणसं, सगळी तिथं उभ्यानंच दूध प्यायची. आमची गौरी एका अंगाला आणि तिच्या शेजारी सिद्धरामाची रत्नी. सिद्धराम आमच्याच भावकीतला, ह्यांच्याहून धाकटा. ह्यांना दादा म्हणायचा आणि मनापासून म्हणायचा. तेच ह्यांना सोसत नव्हतं.

रत्नी देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गौरीचं दूध तिच्याहून घट्ट. हे मी लोणी काढून सांगते, नुसतं तोंडानं नाही. तरी गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी रत्नीकडे जायची आणि आमचे हे गौरीच्या पाठीवर उगाच एक थाप मारायचे. तिचा काय दोष होता त्यात?

सगळं दुखणं पाडव्याचं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळ्यांच्या म्हशी नवरीसारख्या नटतात. शिंगांना रंग, शिंगांवर मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चांदीचे तोडे, अंगावरचे केस कातरून काढलेली नक्षी. मग मालक मोटारसायकलवर बसतो, गाडी फडफडवत पुढं काढतो आणि मागं वळून हाक मारतो. म्हशीनं त्या हाकेवर, त्या गाडीमागं, गर्दीतून धावत जायचं. दावं नाही, काठी नाही. ज्या घराची म्हैस धावली त्या घराची मान वर्षभर ताठ. रत्नी अशी धावायची की बघणारी माणसं शिट्ट्या मारून दमायची. सिद्धराम राजदूतवर पुढं, डोक्याला गुलाबी फेटा, आणि मागं ही काळीभोर बया पायातले तोडे वाजवत. आमची गौरी एकदाच सोडली होती. ती चार पावलं चालली आणि कुणाच्या तरी दारातलं तोरण खात उभी राहिली.

त्या दिवसापासून ह्यांनी रत्नीचा ध्यास घेतला. जेवताना रत्नी, झोपताना रत्नी. सासूबाईंना, मल्लव्वांना, आम्ही सगळे अव्वाच म्हणत असू. त्या एकदा कावल्या.

"तिला काय चार शिंगं हायत व्हय रं? म्हस ती म्हस."

"अव्वा, तुला न्हाय कळायचं," हे म्हणाले. "मालकाच्या हाकंवर जीव टाकती ती. सिद्ध्याला काय येतंय की तिची किंमत! माझ्याकडं आसती तर गावानं बघितलं आसतं."

"आता काय गाव डोळं मिटून बसतंय व्हय?" मी म्हणाले. त्या दिवशी हे भाकरी अर्धी टाकून उठले.

मी हसत होते, पण माझ्याही पोटात दुखत होतंच. माझं दुखणं म्हशीचं नव्हतं. माझं दुखणं सिद्धरामाची बायको, विद्याश्री.

दर रविवारी दूध संपलं की सिद्धराम अंघोळ करायचा, केसाला तेल लावायचा आणि विद्याला राजदूतवर मागं बसवून रंकाळ्याला न्यायचा. भेळ खायचे, पाण्याकडं तोंड करून बसायचे आणि दिवे लागल्यावर परत यायचे. गाडी आमच्या दारावरूनच जायची. मी तेव्हा शेणाची पाटी घेऊन नाहीतर पेंडीचं घमेलं घेऊन दारात असायची. विद्या एका हातानं पदर सावरायची, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर, आणि म्हणायची, "येतो हं वैनी!" त्या 'हं'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती काही वाईट बाई नव्हती. सणाला पोळ्या द्यायची, आजारपणात विचारायला यायची. पण मी तिला पाण्यात बघत होते, हे खरं आहे. तिच्या केसातला गजरा मला इथून दिसायचा आणि माझ्या डोळ्यात खुपायचा. मला दागिने नको होते, माडी नको होती. मला एवढंच हवं होतं की ह्यांनी एका रविवारी मला गाडीवर बसवावं, तिच्या दारावरून न्यावं आणि मी तिला म्हणावं, "येतो हं विद्या!"

आता हे एकदाही झालं नाही असं ऐकून वाटेल की माणूस मुळातच कोरडा. तसंही नाही. लग्नाआधी हे मुरगूडला आमच्या घरी इतक्या वेळा आले की माझे वडील म्हणाले, ह्याला जावई करून घेऊ, नाहीतर एसटीचा पास काढून देऊ. कारण काय, तर गडहिंग्लजच्या एका कंडक्टरचं स्थळ मला आधी येऊन गेलं होतं आणि जवळजवळ पक्कं होतं. ते कळल्यावर ह्यांना मी रंभा दिसायला लागले. पेढे आणले, बांगड्या आणल्या, एकदा तर पावसात भिजत रताळी आणली. लग्न झालं, अक्षता पडल्या, कंडक्टरनं दुसरीकडं लग्न केलं आणि माझं तोंड ह्यांनी पुन्हा नीट बघितलं की नाही, मला आठवत नाही. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे नऊसुद्धा भरले नाहीत.

तर रत्नी. मी तिला मनात सवत म्हणायची. हाक तिला, कौतुक तिचं, स्वप्नात तीच. आणि सवत माझ्या घरातसुद्धा नव्हती, शेजारच्या गोठ्यात रवंथ करत होती.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात सिद्धराम एका सकाळी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला. मी चहा टाकला.

"दादा, म्हशी काढाय लागलोय," तो म्हणाला. "कळंब्याला सासऱ्यांच्या जागंत दुधाचं दुकान टाकतो. बाकीच्या बाजारात जातील. पर रत्नीला बाजारात न्ह्यायचं म्हंजी पाय उचलंना. तुमी घेतासा का?"

ह्यांनी कप खाली ठेवला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तळमळले ते असं चहाबरोबर समोर आलं. खरं तर ह्यांनी मनात वेगळंच ठरवलं होतं. सिद्धराम अडचणीत येणार, हातापाया पडणार, हे आढेवेढे घेणार आणि मग उपकार केल्यासारखं दावं हातात घेणार. हा तर हसत बसला होता.

"का रं काढाय लागलाईस?" ह्यांनी विचारलं. आशेनं विचारलं. काहीतरी वाईट ऐकायला मिळेल म्हणून.

"विद्याची कंबर धरलीया की. शेणघाण हुईना तिच्यानं. परवा म्हणली, म्हशी तरी ठेवा न्हायतर मला तरी." सिद्धराम मोठ्यानं हसला. "म्या म्हणलं, मग म्हशी जाऊंद्यात."

मी चुलीपाशी वळून उभी राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते रागानं. माझी कंबर काय लोखंडाची होती? दोन्ही बाळंतपणांत मी विसाव्या दिवशी गोठ्यात उतरले होते. त्या बाईच्या कंबरेसाठी माणूस रत्नी सोडायला निघाला, आणि आमचे हे त्याच रत्नीसाठी मला विसरून बसले होते. म्हैस एकच, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी मीच हरले.

रत्नी आमच्या दारात आली. अव्वांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ह्यांनी तिला पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाले, "जरा बारीक झाल्यागत वाटती, न्हाय?"

काल होती तेवढीच होती.

पण पाडवा व्हायचा होता, म्हणून अजून धग होती. गणपती उठल्यावर ह्यांनी तिला पळवायला नदीकाठच्या मोकळ्या रानात नेलं. आपली नवी हिरो होंडा पुढं काढली, हाक मारली. रत्नी गवत खात राहिली. पुन्हा हाक. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. चार दिवस असंच. शेवटी सिद्धरामच म्हणाला, "दादा, तिला राजदूतचा आवाज पायजे. रेडी हुती तवापास्नं तोच ऐकलाय तिनं. माझी न्हेवा की." म्हणून त्याची राजदूत विकतच घेतली. मग फेट्याशिवाय ती बिचकते म्हणून गुलाबी फेटा. मग हाक. आमच्यात प्रत्येकाची हाक वेगळी असते, ती म्हशीच्या कानात लहानपणी बसते ती बसतेच. सिद्धराम रोज संध्याकाळी येऊन शिकवायचा, कुठं सूर ओढायचा, कुठं तोडायचा. एवढ्या मायेनं शिकवायचा की ह्यांना धड भांडताही येईना.

हे पहाटे गोठ्यात सराव करायचे. "रत्ने, ये गंऽ माझे बाय! ये गंऽ!" मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. एवढा गोड आवाज ह्या गळ्यात आहे हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. मला आपलं "आगं ए" आणि "कुठं मेलीस?" माझ्या हातची भाकरी त्या दिवसांत रोज करपायची, आणि करपलेली मी मुद्दाम ह्यांच्याच ताटात वाढायची.

पाडव्याला सगळी पेठ लोटली होती. हलगी कडाडत होती. सिद्धरामाची गाडी, सिद्धरामाचा फेटा, सिद्धरामाची हाक, आणि त्या सगळ्याच्या आत आमचे हे. दुरून बघणाऱ्याला कळलं नसतं. ह्यांनी गाडी काढली, वळून हाक मारली आणि रत्नी सुटली. काय सांगू! माणसं भिंतीला चिकटली, पोरं खांबावर चढली. मोरपिसं हलत होती, तोडे वाजत होते, आणि ती थेट ह्यांच्या मागच्या चाकाला नाक लावून धावत होती. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. एवढी वर्षं मागितलं ते देवानं एका दमात दिलं होतं.

आणि सिद्धराम? तो हलगीवाल्यांपुढं नाचत होता. "दादा, नाद खुळाऽ!" म्हणून ओरडत होता. रत्नी थांबल्यावर त्यानं तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं, ह्यांना मिठी मारली, गुलालानं माखवलं. विद्या माझ्या शेजारी उभी होती. "बरं झालं बाई, गेली एकदाची ब्याद," ती म्हणाली. "आता सांच्याला मोकळं आसत्यात हे. रविवारचीच वाट बघाय नगो." तिनं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की वाईट वाटावं म्हणून, ते तिलाच माहीत. मी हसले. हसताना दात दुखले.

घरी आल्यावर हे फेटा काढून खांबाला टेकून बसले.

"सिद्ध्या काय म्हणला गं?"

"लई आनंदला की."

"तसं न्हवं. जरा तोंडबिंड उतरलं हुतं का त्येचं? हाक दिली तवा?"

"न्हाय."

"डोळ्यात पाणी?"

"आलतं. पर आनंदाचं."

अव्वांनी पुरणपोळी वाढली, ती ह्यांनी औषधासारखी गिळली. मला तेव्हाच समजलं. ह्यांना म्हैस नको होती. ह्यांना सिद्धरामाचं उतरलेलं तोंड हवं होतं, आणि ते काही दाव्याला बांधून आणता येत नाही.

दिवाळीनंतर सिद्धराम-विद्या बिऱ्हाड घेऊन कळंब्याला गेले. त्यांच्या घरात एक हायस्कूलचे मास्तर भाड्यानं आले, दिवसभर दार लावून घेणारे. आणि रत्नी आमच्या गोठ्यातली एक म्हैस झाली, गौरीच्या पलीकडची. ह्यांनी तिच्या शिंगांना पुन्हा तेल लावलं नाही. पुढच्या पाडव्याला म्हणाले, "लोकास्नी बघून बघून कट्टाळा आलाय, ऱ्हाऊंदे." तिला बिचारीला काय कळणार! राजदूतचा आवाज बोळाच्या तोंडाशी आला की ती दावं ताणून उभी राहायची, कान टवकारायची. हे गाडी लावायचे आणि तिच्याकडं न बघता आत यायचे. तिला धुणं, पेंड घालणं सगळं माझ्याकडं आलं. एकेकाळची सवत, पण आता तिच्या पाठीवरून हात फिरवताना राग येईना. दोघी एकाच माणसानं हौसेनं आणून कोपऱ्यात बांधलेल्या.

तर आता ह्यांना बघायला कुणी उरलं नाही. बोळात दुसऱ्या कुणाकडं हेवा करावा असं काही नव्हतं. हे उंबऱ्यावर बसून राहायचे. पेपर वाचायचे, तोच पेपर पुन्हा वाचायचे. आणि मग, बहुतेक दुसरं काही समोर नव्हतं म्हणून, एक दिवस ह्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही साडी नवी हाय व्हय गं?"

साडी चार दिवाळ्या जुनी होती. "व्हय," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी दूध आटोपल्यावर ह्यांनी अंघोळ केली, केसाला तेल लावलं आणि दारात येऊन म्हणाले, "चल, रंकाळ्याला जाऊन येऊया."

माझ्या हातातलं घमेलं खाली पडलं. अव्वा बघत राहिल्या. मी हिरवं इरकल काढलं, कुंकू ठळक लावलं. एवढी वर्षं मनात किती वेळा नेसले होते ते इरकल! राजदूतवर बसले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गोठ्यात रत्नी उठून उभी राहिली, पण आज मला तिची दया करायला सवड नव्हती. गाडी बोळातून निघाली. विद्याच्या दारावरून जाताना मी पदर सावरला आणि तोंड उघडलं.

दार बंद होतं. मास्तरांचा एक टॉवेल वाळत होता. मी त्या टॉवेलाला काय सांगणार?

रंकाळा होता तसाच होता. गर्दी होती, फुगे होते, पाण्यावर ऊन उतरत होतं. ह्यांनी मला न विचारता भेळ आणली, वर कैरी जास्त घालून आणली. गजरा घेतला. "माळ की," म्हणाले. उसाचा रस हवा का विचारलं. मी म्हटलं नको, तरी आणला. माझ्या शेजारी, पाण्याकडं तोंड करून, माझा नवरा बसला होता आणि मला काय हवं ते विचारत होता. एवढ्यासाठी मी किती रविवार शेणाच्या पाटीत रडले होते! आणि मी काय करत होते? मी मान उंच करून गर्दीत ओळखीचं तोंड शोधत होते. कुणीतरी बघावं. पेठेतलं कुणी, भावकीतलं कुणी, निदान कट्ट्यावरचं एखादं गिऱ्हाईक तरी. सगळी अनोळखी माणसं आपापली भेळ खात होती. माझ्या भेळेला चव नव्हती. गजऱ्याच्या वासानं डोकं चढल्यासारखं झालं. मला वाटलं, अजून किती वेळ बसायचं? घरी रतिबाची भांडी तशीच पडली असतील.

"बरं हाय न्हवं?" ह्यांनी विचारलं.

"हाय की," मी म्हणाले, आणि ऐकताना मलाच तो आवाज ओळखीचा वाटला. रत्नी जरा बारीक झाल्यागत वाटती, म्हणाले होते ना हे, तोच. इतकी वर्षं ज्याला नावं ठेवली तो रोग माझ्याच पोटात होता, आणि ह्यांच्यापेक्षा जुना. मला रंकाळा नको होता. मला हेसुद्धा नको होते, देवा. मला विद्या दारात उभी हवी होती.

ऊन गेलं. हे चपलेनं खडा उडवत होते. त्यांनाही कंटाळा आला होता, मला न बघताही ओळखता येतं.

"पुढच्या रविवारी हितं नगो," मी म्हणाले.

"मग?"

"कळंब्याच्या तळ्यावर जाऊया. तितं बी चांगलं हाय म्हणत्यात."

ह्यांनी खडा उडवायचं थांबवलं. माझ्याकडं वळून बघितलं, नीट बघितलं. "वाटंवरच हाय की सिद्ध्याचं दुकान," हे सावकाश म्हणाले. "त्यानं नवी रेडी घेतलीया म्हणं. म्हशी सोडल्या म्हणला, आन् रेडी घेतली. आतापास्नंच गाडीमागं पळती म्हणत्यात."

"आन् विद्यानं माडी चढवलीया," मी म्हणाले. "जिन्याला फरशी बसवलीया म्हणं, गुलाबी."

"गुलाबी?"

"गुलाबी."

हे ताडकन उठले आणि त्यांनी राजदूतला किक मारली. मी मागं बसले. घर येईपर्यंत हे माझ्याशी बोलत होते, एवढं की लग्न झाल्यापासून कधी बोलले नव्हते. रेडी कुणाकडनं घेतली असेल, जिना पुढून काढला असेल की मागून, आपण जाताना हाक मारायची की नुसतं दारावरून जायचं. मी म्हणाले, आधी नुसतं दारावरून जाऊ.